पतिपक्षाचे पाठीराखे

२०२२ सालच्या एप्रिल आणि मे महिन्यांत अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स येथे एक खटला चालू होता, आणि तो आमच्या नोएडात घरोघरी पाहिला जात होता. प्रख्यात नट जॉनी डेप याने आपली पूर्वीची पत्नी, नटी अँबर हर्ड, हिच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. तिने २०१८ मध्ये एका वृत्तपत्रात लेख लिहून आपण घरगुती छळाविरुद्ध बोललो आणि त्याबद्दल समाजाचा रोष ओढवून घेतला असे सूचित केले होते. लेखात पतीचे नाव नव्हते. परंतु ते कोणाचे, हे सर्वांस ठाऊक होते. खटल्याचे कामकाज चित्रवाणीवर साद्यंत दाखविले जात असे. नटाच्या बाजूने लिहिलेले मजकूर व चित्रफिती अब्जावधी वेळा पाहिल्या गेल्या, आणि न्यायालयाच्या दारात त्याच्या चाहत्यांनी रात्र-रात्र रांगा लावल्या.

त्या दिवसांत आमच्या वसाहतीतील संध्याकाळच्या बाकावर हाच विषय असे. निवृत्त अभियंते, बँकेतील मंडळी, नातवंडांस खेळावयास घेऊन आलेल्या आजीबाई, सर्वांचे मत एकच: ती बाई नाटकी आहे, आणि त्या भल्या माणसाचे वाटोळे झाले आहे. यांपैकी एकानेही त्या नटाचे दोनांहून अधिक चित्रपट पाहिले नव्हते. प्रस्तुत लेखकानेही त्या वेळी मान डोलावली होती, हे कबूल केलेले बरे. पुढे एके दिवशी असा प्रश्न मनात आला की सात समुद्रांपलीकडच्या एका नवरा-बायकोच्या भांडणात आपण इतक्या त्वरेने एका बाजूस जाऊन उभे का राहिलो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जुनी पाने चाळावी लागली, आणि ती पाने प्रथम बंगालची व नंतर आपल्या मुंबई-पुण्याची निघाली.

बंगालमधील हुगळी जिल्ह्यात तारकेश्वर हे शिवाचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. २७ मे १८७३ रोजी नवीनचंद्र बंद्योपाध्याय या कलकत्त्यात सरकारी छापखान्यात नोकरी करणाऱ्या तरुणाने आपली सोळा वर्षांची पत्नी एलोकेशी हिचा विळीने गळा चिरला आणि तो स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाला. तारकेश्वरच्या महंताशी तिचा संबंध आल्याचे त्यास कळले होते. पंचांनी त्यास वेडाच्या भरात कृत्य केले म्हणून निर्दोष ठरविले. न्यायाधीशास ते मान्य झाले नाही. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले आणि नवीनचंद्रास जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. महंतास तीन वर्षे सक्तमजुरी व दोन हजार रुपये दंड झाला. परंतु लोकांनी आपला निकाल आधीच दिला होता. नवीनचंद्राच्या सुटकेसाठी अर्जांमागून अर्ज गेले, दहा हजारांवर सह्या झाल्या आणि १८७५ साली सरकारने त्यास मुक्त केले. कालीघाटच्या चित्रकारांनी या प्रसंगाची चित्रे रंगविली. रंगभूमीवर त्याची नाटके होऊन नाटकगृहे भरली.

महंताविषयी लोकांस संताप वाटला यात गैर काही नव्हते. धर्मस्थानाची सत्ता हाती असलेल्या पुरुषाने एका पोरवयाच्या मुलीस नादी लावले, अथवा तिच्यावर बळजबरी केली, हा आरोप गंभीरच होता. पण तसे असेल तर ती मुलगी त्या अपराधाची पहिली बळी ठरते. तिला मारणाऱ्यासाठी दहा हजार सह्या झाल्या. तिच्यावर नेमके काय गुदरले हे तिच्या तोंडून ऐकण्याची सोयच उरली नव्हती, आणि त्याची खंत त्या अर्जदारांस फारशी वाटली असेल असे दिसत नाही. त्यांच्या लेखी हा तंटा महंत आणि पती या दोन पुरुषांमधला होता.

यानंतर दहा-अकरा वर्षांनी मुंबईत जे प्रकरण उभे राहिले त्यात रक्त सांडले नाही, आणि पतीवर मारहाणीचा आरोपही नव्हता. तरीही पतिपक्षाचे पाठीराखे कसे निर्माण होतात हे पाहावयाचे असेल तर त्याइतके बोधप्रद प्रकरण आपल्या इतिहासात दुसरे नाही. ते म्हणजे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. त्यांची मालमत्ता आई जयंतीबाई यांनी मुलीच्या नावे करून दिली आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे कुटुंब सुतार ज्ञातीचे. तीत विधवाविवाहास मज्जाव नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न सावत्र वडिलांच्या नात्यातील एकोणीस वर्षांच्या दादाजीशी झाले. त्याने सासरी राहून शिक्षण घ्यावे असे ठरले होते. त्याने शिक्षण सोडले, तो मामाच्या घरी जाऊन राहिला आणि प्रकृतीनेही ढासळला. त्या मामाच्या घरचे वातावरण कुलीन मुलीने नांदावे असे नव्हते. इकडे रखमाबाई घरी राहून पुस्तके वाचीत मोठ्या झाल्या. मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्नीची मागणी केली. तिने नकार दिला. वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून त्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जिला विवाहाचा अर्थ कळत नव्हता अशा वयात लग्न लागले आणि जी पतीकडे कधी नांदलीच नाही, अशा सज्ञान स्त्रीस जबरदस्तीने त्याच्या स्वाधीन करणे हे त्यांस रानटीपणाचे वाटले. शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रात कोठेही सांगितलेला नसून तो इंग्रजी कायद्याने येथे आणलेला आहे, हेही त्यांनी दाखविले. या निकालाने गदारोळ उठला. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी चालविलेल्या ‘नेटिव्ह ओपिनियन’ने दादाजीची बाजू घेतली. पुण्याहून टिळकांच्या ‘मराठा’ने न्यायमूर्तींस हिंदू कायद्याचे मर्म कळले नसल्याचा आक्षेप घेतला. दादाजी भिकाजी हा काल-परवापर्यंत गिरगावाबाहेर कोणास माहीत नसलेला, शिक्षण अर्धवट सोडलेला, मामाच्या आश्रयाने राहणारा इसम. तो आता धर्माचा व समाजाच्या स्वातंत्र्याचा ध्वज झाला. त्याचे चरित्र, त्याची मिळकत, त्याची प्रकृती या गोष्टींचा विचार करण्याचे कारण उरले नाही, कारण ध्वजाच्या कापडाची प्रत कोणी तपासीत नाही.

या पाठीराख्यांस आज सरसकट दुष्ट ठरविणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. परक्या सत्तेचे न्यायासन आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आत येत आहे, १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात हात न घालण्याचे दिलेले वचन मोडले जात आहे, ही त्यांची भीती खोटी नव्हती. विलायतेतील वृत्तपत्रे या प्रकरणाचा उपयोग हिंदी लोक स्वराज्यास कसे अपात्र आहेत हे दाखविण्यासाठी करीत होती, हेही खरे. गाऱ्हाणे खरे होते. मात्र ते टांगण्यासाठी जी खुंटी निवडली ती एका तरुण स्त्रीच्या शरीराची होती.

त्यातही गंमत अशी की ज्या हक्काचे रक्षण धर्म म्हणून चालले होते, तो हक्क मुळात इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्मपीठाच्या न्यायालयांतून आलेला होता. त्याची पायमल्ली केल्यास कैदेत टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ साली, म्हणजे दादाजीने वकिलाची चिठ्ठी पाठविली त्याच वर्षी, रद्द केली होती. हिंदुस्थानच्या १८८२ च्या दिवाणी कार्यसंहितेत मात्र ती शिल्लक होती. परकीयांनी टाकून दिलेली बेडी आपली म्हणून उराशी धरण्याचा हा प्रसंग होता.

पतिपक्षाने रखमाबाईंविरुद्ध जे युक्तिवाद केले तेही ध्यानात घेण्याजोगे आहेत. १८८७ मध्ये दादाजीच्या नावाने इंग्रजीत एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत सर्व अनर्थाचे मूळ सासरच्या मंडळींची मालमत्तेवरील दृष्टी हे सांगितले होते. मुलीस फूस आहे, तिला स्वतःचे मत नाही, असा या प्रतिपादनाचा रोख. वस्तुतः ज्यांच्याकडे सूत्रधार म्हणून बोट दाखविले जात होते ते डॉ. सखाराम अर्जुन एप्रिल १८८५ मध्ये, पहिला निकाल लागण्यापूर्वीच, वारले होते; तरी रखमाबाईंचा नकार कायम राहिला. त्याच वर्षी ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे लिहिली होती. ज्यांस त्यांचे मन जाणून घ्यावयाचे होते त्यांच्यासाठी ते छापून तयार होते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मार्च १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवून प्रकरण पुन्हा चौकशीस पाठविले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंस एका महिन्याच्या आत पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद भोगण्याचा, हुकूम दिला. रखमाबाईंनी आपण तुरुंग पत्करू असे कळविले. बेहरामजी मलबारी व त्यांचे सहकारी त्यांच्या साहाय्यास उभे राहिले. मॅक्समुल्लरांसारख्या विद्वानाने विलायतेत लेखणी उचलली. राणीने आपल्या हुकमाने हे लग्न मोडले अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. प्रत्यक्षात शेवट जुलै १८८८ मधील तडजोडीने झाला: दादाजीने दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. ज्या हक्कासाठी धर्म पणास लागला होता त्याची ही किंमत ठरली, आणि पाठीराख्यांनी त्यावर फारसा शोक केल्याचे आढळत नाही. ध्वजाचे काम संपले होते. दादाजीने दुसरे लग्न केले. रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेस गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी १९२९ पर्यंत स्त्रियांची सेवा केली. १९०४ मध्ये दादाजी वारला तेव्हा त्यांनी वैधव्याचे पांढरे वस्त्र धारण केले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तिच्याविषयी आपण सर्व जाणतो असे समजणाऱ्या दोन्ही पक्षांस या एका कृतीचा उलगडा करता आला नसता.

या प्रकरणाची खूण महाराष्ट्राच्या बौद्धिक जीवनावरही उमटली. त्या काळी ‘केसरी’चे संपादक आगरकर होते. टिळकांशी त्यांचे जे मतभेद विकोपास गेले त्यांत रखमाबाईंचा प्रश्नही होता. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढील वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. एका घरातील तंट्याने दोन जिवलग मित्रांची वाट वेगळी होण्यास हातभार लावावा, यावरून तो तंटा त्या घरापुरता राहिला नव्हता हे उघड आहे.

स्वातंत्र्यानंतर परक्या सत्तेचे निमित्त संपले, पण पाठीराखे संपले नाहीत. १९५९ साली मुंबईत नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीच्या प्रियकरास गोळी घालून ठार केले. या खटल्यात स्त्रीचा छळ झाल्याचा आरोप नव्हता. परंतु आरोपीविषयीच्या भक्तीचा तो अस्सल नमुना होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने गणवेशातील त्या देखण्या अधिकाऱ्याची बाजू लावून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांस विकला जाऊ लागला. रस्त्यावर नानावटी पिस्तुले विकावयास आली. पंचांनी आठ विरुद्ध एक मताने त्यांस निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो कौल डावलून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी क्षमा केली. तारकेश्वरच्या प्रकरणाचे टप्पेच येथे पुन्हा दिसतात: पंचांचा कनवाळूपणा, वरिष्ठ न्यायालयाची कठोरता, आणि अखेर लोकमताचा जय.

अमेरिकेतील एक उदाहरण रखमाबाई प्रकरणाच्या अधिक जवळचे आहे. नामांकित खेळाडू ओ. जे. सिम्प्सन याने १९८९ मध्ये पत्नीस मारहाण केल्याच्या आरोपास न्यायालयात आव्हान दिले नव्हते. १९९४ मध्ये त्या, आता विभक्त झालेल्या, पत्नीचा व तिच्या एका मित्राचा खून झाला. १७ जून रोजी पोलीस त्याच्या मोटारीचा पाठलाग करीत असता लोक पुलांवर उभे राहून त्याचा जयजयकार करीत होते. १९९५ मध्ये तो फौजदारी खटल्यातून सुटला, आणि १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्या मृत्यूंची जबाबदारी त्याच्यावर ठेवली. लॉस एंजलिसच्या पोलिसांनी कृष्णवर्णीयांवर केलेला अन्याय तेथील जनतेच्या मनात ताजा होता. ते गाऱ्हाणे सोळा आणे खरे होते. ते पुन्हा एका स्त्रीच्या खुंटीवर टांगले गेले.

आता फेअरफॅक्सकडे परत येऊ. त्या खटल्यापूर्वी लंडनमध्ये एक खटला झाला होता. ‘सन’ या वृत्तपत्राने डेप यास पत्नीस मारणारा म्हटले म्हणून त्याने फिर्याद केली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती निकोल यांनी, चौदा प्रसंगांपैकी बारा सिद्ध झाल्याचे सांगून, वृत्तपत्राचे विधान बव्हंशी खरे ठरविले. १ जून २०२२ रोजी फेअरफॅक्सच्या सात पंचांनी उलट कौल दिला: पतीची बदनामी झाली. अंतिम हिशेबात त्यास सुमारे १ कोटी साडेतीन लाख डॉलर, आणि पत्नीस तिच्या प्रतिदाव्यापोटी २० लाख डॉलर देवविण्यात आले. दोन न्यायालये, दोन निष्कर्ष. विवेकी माणसास यातून संकोच वाटावा. पण आमच्या बाकावर लंडनच्या निकालाचे नावही कोणास ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. पुरुषांवरही खोटे आरोप होऊ शकतात, ही जगातील असंख्य कुटुंबांची भीती त्या नटाच्या खांद्यावर बसून हिंडत होती. ती भीती सर्वस्वी निराधार आहे असे नोएडाचा रहिवासी तरी म्हणणार नाही.

२००३ साली याच नोएडात एका वधूने हुंड्याच्या मागणीवरून ऐन लग्नाच्या वेळी विवाह मोडला. वर तुरुंगात गेला, वधूचा देशभर गौरव झाला, आणि चित्रवाणीवर तिच्या धैर्याचे गोडवे गाण्यात आले. २०१२ साली जिल्हा न्यायालयाने वरपक्षास निर्दोष सोडले. तेथे पाठीराख्यांची झुंड पत्नीपक्षाकडे होती, एवढाच फरक. नऊ वर्षांनी आलेल्या निकालास पहिल्या बातमीच्या शतांशही जागा मिळाली नाही.

तेव्हा अमुकच पक्षावर विश्वास ठेवावा, असा नियम इतिहास देत नाही. मात्र दोन्ही पारडी सारखी आहेत असेही तो म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काही एका कारणासाठी पतीने पत्नीस मारणे योग्य आहे असे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. त्याच पाहणीनुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी पतीची मारहाण वा जबरदस्ती सोसलेली होती. याचा अर्थ असा की खटला उभा राहण्यापूर्वीच निम्म्या समाजाचे मत पतीच्या बाजूने तयार असते. पती प्रसिद्ध असेल तर त्या मतास एक चेहरा मिळतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य नस्त्या चाळण्यात गेले आहे. परप्रांतात नोकरी करताना आपण एक शिस्त अंगी बाणवून घेतली: दुसऱ्या पक्षाचा कागद वाचल्याखेरीज शेरा मारावयाचा नाही. ती शिस्त आपण कार्यालयाच्या दारातच ठेवून घरी येतो की काय, अशी मला आता शंका येते. रखमाबाईंची दोन पत्रे १८८५ साली छापून झाली होती. लंडनचा निकाल २०२० साली उपलब्ध झाला होता. वाचावयास वेळ नव्हता असे नाही. वाचण्याची गरज भासली नाही.

१८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्क परत मिळविण्याचा तोच दावा स्वतंत्र भारताने कायम ठेवला. पत्नीस कैदेत टाकण्याची तरतूद मात्र १९२३ मध्येच गेली होती. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मान्य केले. इंग्लंडने तो दावा १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आपल्याकडे तो आजही शिल्लक आहे. कायदा अमलात आला त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरला, नव्वद वर्षे पुरी करून, डॉ. रखमाबाई मुंबईत निवर्तल्या. नवव्या कलमाची बातमी त्यांनी वाचली होती किंवा काय, कोणास ठाऊक. आमच्या बाकावर परवा पुन्हा एका नटाच्या घरातील भांडणाचा विषय निघाला. मी एवढेच विचारले की त्या बाईचे म्हणणे काय आहे, ते कोणी वाचले आहे का. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दुसरा विषय निघाला.